डांबराचा वास

मामूंनी थर्मामीटरकडे पाहिलेलं मला आठवत नाही. प्रयोगशाळेत डांबर तापत असलं की ते त्याच्याकडे पाठ करून उभे राहत, डोळे मिटत, हनुवटी थोडी वर करत आणि म्हणत, "एकशेपंचावन्न." मी जाऊन पारा वाचायचे. तो एकशेचोपन्नावर असायचा, नाहीतर एकशेछप्पन्नावर. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, हा माणूस मघाशीच चोरून बघून ठेवतो. म्हणून एकदा मी थर्मामीटरवर माझा रुमाल टाकला. मामू खिडकीकडे तोंड करून उभे होते. वळलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "मॅडम, रुमाल काढा. करपायला लागलाय."

मी तेव्हा इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायला नुकतीच लागले होते. फुलंब्रीहून रोज एसटीनं यायचे. मामू आमच्या रस्ते-प्रयोगशाळेत कंत्राटी मदतनीस होते. त्यांचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, तोंडी कुणाच्याच नव्हतं. त्याआधी तीसेक वर्षं त्यांनी बांधकाम खात्याच्या गँगवर डांबर उकळलं होतं. उंच, काटकुळा माणूस. खाकी शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि दोन्ही हातांवर जुन्या चटक्यांचे गुळगुळीत, बिनकेसांचे डाग. डांबराला पुस्तकात बिटुमेन म्हणतात. वर्गात मीही तसं म्हणायचे. मामूंशी बोलताना मात्र डांबरच.

त्यांचं नाक प्रयोगशाळेपुरतं नव्हतं. दुपारी मी डबा उघडायच्या आत ते दारातून सांगत, "आज शेपू." नाहीतर, "वांग्यात आज कारळ कमी पडलं. आईला बरं नाय का?" आईला खरंच बरं नव्हतं आणि भाजी मी केली होती. बिडकीनकडच्या खेड्यात वाढल्यामुळे त्यांची मराठी आमच्या घरातल्यासारखीच होती. पण फार आतलं काही बोलायचं असलं की ते घरच्या दखनीवर जात. त्यामुळे दखनी सुरू झाली की मी हातातलं काम ठेवून ऐकायचे.

माझ्या संशोधनाचा विषय त्यांच्याच एका गोष्टीतून निघाला. एका उन्हाळ्यात भांडी रॉकेलनं पुसता पुसता ते म्हणाले, "तुमच्या फुलंब्रीच्या अलीकडं एक पूल बांधत हुते, तवा रस्ता दीड महिना बंद हुता. भर मे महिना. बंद व्हायच्या आधी मी भेगांवर खडूनं निशाण करून ठिवलं हुतं, नंतर भरायच्या म्हणून. केसावानी बारीक भेगा. दीड महिन्यानं डांबर घेऊन गेलो, तर खडू हाय अन् भेग नाय."

"पुसली गेली असेल, धूळ बसली असेल," मी म्हणाले.

"साहेब बी तेच बोलले. मग बोलले, तू पिऊन खडू मारला आसशील. मी पाच वक्त नमाज पढणारा माणूस, मॅडम." ते हसले नाहीत. "धूळ नव्हती. मी नखानं बघितलं. डांबर आपलं आपण आत सरकलं हुतं. ऊन हुतं, अन् वरून चाक नव्हतं. दोनच गोष्टी."

त्यांना ठाऊक नव्हतं, पण परदेशातली माणसं याच दोन गोष्टींवर वर्षानुवर्षं काम करत होती. डांबर तापलं की मऊ पडतं आणि बारीक भेगेत स्वतःच ओघळतं. मग त्याला थोडा वेळ कुणी तुडवलं नाही तर भेग मिटते. आपल्या रस्त्याला ऊन मिळतं, उसंत मिळत नाही. यावर एक उपाय निघाला होता. डांबर-खडीत पोलादी तारेचे बारीक तुकडे मिसळायचे आणि इंडक्शनच्या शेगडीसारखं यंत्र वरून फिरवायचं. तार आतल्या आत तापते, डांबर वितळतं, भेग भरते. विस्तव नाही, धूर नाही. मी हे मामूंना सांगितलं. ते हातातल्या भांड्यावरचं डांबर खरवडत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे डांबराच्या पिंपापाशी माणूस कमी वेळा उभा ऱ्हाईल."

मी पीएच.डी.चा विचार करत होते, ते पिंपाचा. त्यांच्या गँगवर सात जण होते. त्यांतले पाच खोकून खोकून गेले होते. एकदा मी विचारलं, डॉक्टर काय म्हणाले होते? "डॉक्टर बोलले, बिडी सोडा," मामू म्हणाले. "पाचातला एकच बिडी प्यायचा."

विभागात त्या वर्षी इंडक्शनचं यंत्र घ्यायची सोय नव्हती. मामूंनी एका सोमवारी पिशवीतून घरातली इंडक्शनची शेगडी काढली आणि सोबत भांडी घासायच्या तारेच्या घासण्या. तार कात्रीनं कापून आम्ही मिश्रणात घातली, विटेएवढे लांबट ठोकळे पाडले. ठोकळा फ्रीझरमध्ये कडक करायचा, प्रयोगशाळेतल्या दाबयंत्रात मोडायचा, दोन तुकडे जोडून शेगडीवर ठेवायचे, मग फडक्यात गुंडाळून नुसतं पडू द्यायचं. तिसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोचा, जैनबमामींचा, फोन आला. त्या एके काळी त्याच गँगवर घमेल्यातून खडी वाहायच्या. लग्न तिथंच जमलेलं. फोनवर म्हणाल्या, "मॅडम, मेरी बेटी की दी हुई शेगडी पो तुमे लोगां रोड पकारे क्या? मैं चाय कायपो बनाऊँ?" मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "पकाव, पकाव. मगर धो के भेजो."

पहिले सगळे ठोकळे फसले. कधी वरचा थर उकळला, कधी आत थंडच राहिलं. मामू मला पुन्हा पुन्हा म्हणत, "मॅडम, डांबराला ताप द्यायचा, चटका नाय द्यायचा. एकदा करपलं की ते मेलं. मग त्यात काय बी घाला, ते भेगेत जायाचं नाय." हे मला पुस्तकातून माहीत होतं. त्यांना त्या करपण्याचा वास माहीत होता. फार आधी, धूर दिसायच्याही आधी येणारा. ते म्हणत, तो वास किंचित गोड असतो. मला तो कधीच आला नाही.

एके दिवशी ठोकळा जुळला. दाबयंत्रात पुन्हा मोडायला घातला तर पहिल्यापेक्षा किंचितच कमी जोर लागला, आणि मोडला तोही जुन्या भेगेशेजारी, नव्या जागी. मी आनंदानं ओरडले. मामूंनी तुकडा हातात घेतला, जिथं भेग होती तिथं अंगठ्याचं नख फिरवलं. मग तो टेबलावर ठेवून बाहेर गेले आणि पायरीवर बसले. मी चहा घेऊन गेले तर म्हणाले, "इत्ती सी बात थी, मॅडम. उस साहब ने एक बार झुक के देखा होता तो." आणि चहा हातात तसाच धरून बसले.

मग करोना आला. कॉलेज बंद झालं. दुसऱ्या लाटेत मामूंच्या घरी दोघंही आजारी पडले. मामी लवकर उठल्या. मामूंना घाटी दवाखान्यात ठेवावं लागलं, ऑक्सिजनवर. ते परत आले तेव्हा शर्ट खुंटीवर टांगल्यासारखा दिसत होता. मी म्हणाले, आणखी विश्रांती घ्या. म्हणाले, "घरात बसून काय करू? काम किती राह्यलंय."

त्यानंतर त्यांच्यात झालेले बदल मला दिसले होते, पण मी त्यांचा अर्थ लावला नाही. ते आता तापत्या डांबराकडे तोंड करून उभे राहत. टेबल पुसायच्या निमित्तानं थर्मामीटरजवळून जात आणि मग आकडा सांगत. आकडा बरोबर असायचा. आधी एखाद्या अंशानं चुकायचा, आता अगदी बरोबर. डब्याच्या वेळी दारातून काही म्हणत नसत. जवळ येऊन विचारत, "आज काय हाय?" एकदा उन्हात माझी उसळ आंबली होती. मी टाकून द्यायला बाहेर गेले, परत आले तर झाकणातली उरलेली उसळ मामूंनी खाऊन टाकली होती. मला वाटलं, अन्न वाया जाऊ नये म्हणून. या माणसाचा साधेपणा मी घरी जाऊन आईला कौतुकानं सांगितला.

याच सुमारास आम्हाला कॉलेजच्या मागच्या फाटकापाशी रस्त्याचा एक छोटा पट्टा करायला मिळाला. चिकलठाण्याच्या एका वर्कशॉपनं चाकांवरचं इंडक्शन यंत्र करून दिलं होतं. बांधकाम खात्याचे इंजिनिअर हिवाळ्यानंतर येऊन पाहणार होते. पट्ट्यावरच्या भेगा मिटल्या तर चिकलठाण्याच्या कारखान्यांमधला एक रस्ता प्रयोगासाठी देणार होते. मामूंनी तो रस्ता स्वतः जाऊन पाहून ठेवला होता. ट्रकांनी तो कुठं कुठं फाटलाय हे त्यांना तोंडपाठ होतं.

पट्टा घालायच्या दिवशी वारा सुटला होता, धूळ उडत होती. मिश्रण तापवायच्या पिंपात सोडलेली थर्मामीटरची वायर मधेच जळून तुटली. दुसरी मागवायची तर दीड-दोन तास जाणार, आणि गँग भाड्यानं आणलेली. मी मामूंकडे पाहिलं. खरं तर मला हायसंच वाटलं होतं. मामू असताना वायर कशाला?

"मामू, सांगा. कधी काढायचं?"

ते पिंपापाशी गेले. पाठ केली, डोळे मिटले, हनुवटी वर केली. सगळं नेहमीसारखं. फक्त फार वेळ लागला.

"घेऊ का?"

"अजून थोडं."

गँगवरचा एक माणूस म्हणाला, "बाई, जळल्यावानी वाटतंय." मी त्याला हातानंच थांबवलं. आमच्याकडे मामू होते. थोड्या वेळानं मामूंनी डोळे उघडले आणि म्हणाले, "हौ. निकालो." ते दखनीत बोलले हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

पट्टा काळाभोर, देखणा झाला. हिवाळ्यात कॉलेजच्या बसगाड्यांनी त्याला भेगा पाडल्या. पाडायलाच हव्या होत्या. इंजिनिअर आले. आम्ही यंत्र सावकाश वरून नेलं, पट्टा दोरी लावून बंद ठेवला, दुसऱ्या दिवशी सगळे वाकून पाहायला लागले. एकही भेग मिटली नव्हती. त्यातले एक जण सौजन्यानं म्हणाले, "प्रयत्न चांगला आहे, मॅडम." मी पट्ट्याचा तुकडा कापून आणला, त्यातलं डांबर वेगळं केलं. ते ठिसूळ झालं होतं, नखानं दाबलं तर कण उडत होते. करपलेलं होतं.

मामू टेबलापलीकडे उभे होते. मी काही विचारायच्या आत म्हणाले, "मेरेकू बास नै आती, मॅडम."

मला कळलंच नाही. "कसला वास?"

"कायकीच नै. बुखार के बाद से."

नऊ-दहा महिने. माझ्या डोळ्यांसमोरून ते पुसलेलं टेबल गेलं, ती उसळ गेली. दया यायला हवी होती, पण मला आठवले फक्त ते वाकून पाहणारे इंजिनिअर आणि माझी इतकी वर्षं. मी म्हणाले, "मग त्या दिवशी का नाही सांगितलं? दोन तास थांबलो असतो. वायर बाजारात मिळते, मामू. तुमच्यावाचून काही अडलं नव्हतं."

मी हे ओरडून म्हणाले असते तर बरं झालं असतं. मी अगदी शांतपणे म्हणाले.

मामूंनी मान हलवली. राहिलेली भांडी पुसली, एकेक करून फळीवर पालथी घातली. हात धुतले. "चलता मैं," म्हणाले आणि गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाही. महिनाअखेर कार्यालयानं त्यांचं कंत्राट संपल्याचा कागद माझ्या सहीसाठी पाठवला. मी सही केली.

त्यांचं घर शहागंजच्या मागे, कॉलेजपासून रिक्षानं वीस मिनिटांवर. मी गेले नाही. आधी राग होता, मग लाज होती, आणि दोन्हींना मी कामाचं नाव दिलं होतं. विद्यार्थी हाताशी घेऊन मी जुना पट्टा उखडला, तिथंच नवा घातला. या वेळी पिंपात दोन-दोन वायरी सोडल्या. पुढच्या हिवाळ्यात त्याला भेगा पडल्या, आम्ही यंत्र फिरवलं, दोरी लावली, आणि सकाळी पाहिलं तर भेगा नव्हत्या. मी गुडघ्यांवर बसून नख फिरवलं. इंजिनिअरांनी फोटो काढले. त्यानंतर तीन आठवड्यांनी पत्र आलं: चिकलठाण्याचा तो रस्ता आता सिमेंट काँक्रीटचा होणार असल्यानं सदर प्रयोगाची आवश्यकता उरलेली नाही.

ते पत्र पर्समध्ये घेऊन मी मामूंच्या घरी गेले. कुलूप होतं. शेजारणीनं सांगितलं, छाती बिघडली म्हणून मुलगी बिडकीनला घेऊन गेली. मी तशीच बिडकीनची बस धरली.

मामू खाटेवर टेकून बसले होते. नाकाला नळी, बाजूला सिलिंडर. मला पाहून उठायला लागले, मामींनी खांद्याला धरून बसवलं. जेवायची वेळ होती. मामी ताट घेऊन आल्या आणि त्यांच्या शेजारी बसून सांगू लागल्या, "दालचा है. पुदिना जास्ती डाली आज. बघार जरा तेज हुआ, लसन की बास ऊपर आरी." मामू डोळे मिटून ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी पहिला घास घेतला. हे रोजचं होतं, असं मुलगी हळूच म्हणाली.

मी माफीची वाक्यं बसमध्ये जुळवून आणली होती. मामूंनी ती बोलू दिली नाहीत. "मैं डर गया था, मॅडम," ते म्हणाले. एकेक वाक्यानंतर थांबत होते. "तीस साल साहब लोगां मेरेकू नाम से नै बुलाए. सूंघनेवाले को बुलाव, बोलते थे. नाक गई बोलता, तो घरकू भेजते."

"मी नसतं पाठवलं, मामू."

"तुमे नै भेजते," ते म्हणाले. "कागज भेजता."

त्या कागदावर सही कुणाची होती हे त्यांना माहीत असणारच. माझ्याच्यानं मान वर होईना. मग त्यांनी विचारलं, "पट्टा?"

मी सांगितलं. भेगा मिटल्या. सगळ्याच्या सगळ्या. मी नखानं पाहिलं. मामूंचा चेहरा असा उजळला की मामी ताट खाली ठेवून त्यांच्याकडे बघत राहिल्या. ते मराठीवर आले. "मंग चिकलठाण्याचा रस्ता आता आपल्याला मिळंल?"

पत्र माझ्या मांडीवरच्या पर्समध्ये होतं.

"मिळाला, मामू," मी म्हणाले. "उन्हाळ्यात सुरू करू."

"वळणापासून धरा," ते म्हणाले. "वळणावर लई फाटलाय त्यो." आणि मग किती तरी वेळ, धाप लागत असताना, मला तो रस्ता समजावून सांगत राहिले. कुठं पाणी साचतं, कुठल्या कारखान्याच्या फाटकापाशी ट्रक उभे राहतात, कुठं आधी खालची खडी बदलावी लागेल. मी वही काढून लिहून घेतलं. खोटं निभवायचं तर नीट निभवावं लागतं.

पंधरा दिवसांनी ते गेले. मी मामींजवळ जाऊन बसले. बायकांची गर्दी होती. मामी प्रत्येकीला माझ्याकडे हात करून सांगत होत्या, "येच वो मॅडम. चिकलठाणे का रोड मिला ना इनकू. दवाखाने में नर्सां को बी बोलते थे वो." बायका माझ्याकडे आदरानं पाहत होत्या. मी पदर डोळ्यांना लावला, आणि त्यात रडण्याइतकंच तोंड लपवणंही होतं.

परवाच्या थंडीत मामी डोळे दाखवायला मुलीबरोबर शहरात आल्या. फोन केला, "मॅडम, वो रोड एक बार दिखाव. फिर आँख का क्या भरोसा." मी रिक्षा केली, तिघी बसलो. जालना रोडला लागताच रिक्षावाल्यानं विचारलं, चिकलठाणा ना? मी त्याला कॉलेजकडे वळायला सांगितलं.

मागच्या फाटकापाशी उतरलो. मी पट्टा दाखवला. मामींनी तो या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला.

"इत्ताच?"

"इतकाच, मामी. चिकलठाण्याचा रस्ता मिळालाच नाही. मी मामूंना खोटं सांगितलं होतं. तेव्हा पत्र माझ्याजवळ होतं."

मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. मामींनी चपला कडेला काढल्या, बुरखा घोट्यापर्यंत उचलून धरला आणि पट्ट्यावरून चालायला लागल्या. अगदी हळू, प्रत्येक पाऊल पूर्ण टेकवत. मागून कॉलेजची बस आली आणि तिनं हॉर्न वाजवला. मामी तेव्हा मध्यावर होत्या. त्या थांबल्या नाहीत, घाईही केली नाही. मी बससमोर जाऊन हात आडवा केला आणि त्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत तशीच उभी राहिले.